मालकाला नाही, मुनीमजींना विचार

इंदूरच्या सियागंज बाजारातल्या त्या किराणा व्यापाऱ्याच्या बिलिंग सॉफ्टवेअरचं काम तुझ्याकडे आलंय ना? मग आधी लॅपटॉप बंद कर आणि दोन तास गल्ल्याशेजारी नुसता बसून राहा. मालक म्हणेल, "बिल फटाफट निघालं पाहिजे." गरजांच्या यादीत हे असंच लिहून काय होणार? "सेव्ह केल्यापासून 3 सेकंदांत प्रिंट सुरू" असं लिही, म्हणजे उद्या घड्याळ लावून तपासता येईल. आकडा मात्र त्याच्याकडूनच वदवून घे.

मी पहिल्या कामात फक्त मालकाशी बोललो होतो. मुनीमजी बारदानाचं वजन वजा करून निव्वळ वजन लावतात आणि भाव कच्च्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहितात, कारण माल गाडीत चढेपर्यंत तो बदलतो, हे डेमोच्या दिवशी कळलं. बिल सेव्ह झाल्यावर भाव बदलायची सोयच मी ठेवली नव्हती! अर्धं काम पुन्हा केलं.

त्या चिठ्ठ्यांचे फोटो घे, अगदी खाडाखोडीसकट.

गरजा लिहायच्या साच्यासाठी 1998 चं आयईईई 830 (सॉफ्टवेअरच्या गरजा कशा लिहायच्या याचं मानक) कुणी पाठवेल. त्याच्या जागी 2011 मध्ये आयएसओ/आयईसी/आयईईई 29148 हे मानक आलं, 2018 ला सुधारलं. चाळून ठेव, पण व्यापाऱ्याला दाखवू नकोस. त्याला गरजांची दोन पानं मराठी-हिंदीत वाचून दाखव आणि सही घे.