'वर्तनवाद' नेमका कशाविषयी?

नाशिकच्या एका बी.एड.च्या विद्यार्थिनीने विचारले आहे की, अध्यापनशास्त्राच्या टिपणांतला 'वर्तनवाद' आणि मनाच्या तत्त्वज्ञानातला 'वर्तनवाद' एकच का, आणि त्याचा अर्थ 'मन नाही असे मानणारा पक्ष' असा घ्यावा का.

टिपणांतला वर्तनवाद मुख्यतः अभ्यासाच्या पद्धतीविषयी आहे. मानसशास्त्राने आत्मनिरीक्षण सोडून दिसणाऱ्या वर्तनाकडे वळावे, असा आग्रह मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन यांनी १९१३ साली धरला. पुढे याच पक्षाचे मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी तर विचार, वेदना या आतल्या गोष्टी नाकारल्याच नाहीत. वर्तनाची कारणे म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवणे तेवढे त्यांना मान्य नव्हते. तेव्हा 'मन नाकारणारा पक्ष' ही सरसकट व्याख्या मला चुकीची वाटते.

तत्त्वज्ञानातला तार्किक वर्तनवाद मनोवाचक, म्हणजे मनाच्या अवस्था सांगणाऱ्या, शब्दांच्या अर्थाविषयी बोलतो. तत्त्वज्ञ गिल्बर्ट राईल यांच्या १९४९च्या ग्रंथाचा रोख असा की, 'पाऊस येणार असे त्याला वाटते' हे वाक्य डोक्यात दडलेल्या एखाद्या घटनेचे वर्णन करत नाही, तर तो कोणत्या प्रसंगी कसा वागेल आणि काय बोलेल, हे सांगते. ही भूमिका अडते कुठे, ते निफाडच्या शिवारात पाहावे. माघात आभाळ भरून आले, की तयार घडांचे मणी तडकतील या धास्तीने द्राक्षबागायतदार तोडणीची घाई करतो. शेजारचा जिरायती गहूवाला मात्र त्याच आभाळाकडे पाहून निवांत बसतो. पाऊस येणार असे दोघांनाही वाटते, पण वागणे वेगळे, कारण दोघांना हवे ते वेगळे आहे. म्हणजे 'वाटणे' वर्तनात उलगडून सांगायचे, तर 'हवे असणे' आधीच गृहीत धरावे लागते, आणि तेही मनोवाचकच! या धर्तीचा आक्षेप चिझम आणि गीच या तत्त्वज्ञांनी १९५७ साली घेतला आणि मला तो आजही निर्णायक वाटतो.

भाषेपुरता वाद त्याच वर्षीच्या, बोलणे हेही उद्दीपकांमुळे (वर्तनाला चालना देणाऱ्या बाहेरच्या गोष्टींमुळे) घडणारे वर्तन मानणाऱ्या स्किनर यांच्या ग्रंथावरून पेटला, आणि १९५९ साली भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्की यांनी त्याचे कठोर परीक्षण लिहिले. त्यांचा एक मुद्दा सोप्या उदाहरणाने सांगता येतो. काळाराम मंदिरासमोर उभा असलेला माणूस 'केवढा काळा दगड' म्हणेल, 'गर्दी फार आहे' म्हणेल किंवा 'चला, उशीर होतोय' असेही म्हणेल; यांतले उद्दीपक कोणते, हे तो बोलल्यावरच ठरवता येत असेल, तर त्या उद्दीपकाने बोलण्याचे स्पष्टीकरण दिले, असे म्हणता येत नाही.

उत्तरपत्रिकेत नुसते 'वर्तनवाद' लिहिण्याऐवजी 'पद्धतीय' किंवा 'तार्किक' हे विशेषण जोडावे. स्किनर यांच्यासाठी 'मूलगामी' हे विशेषण योग्य ठरेल.