वाळूमाशी, खुराडे आणि नराचा गंध

प्रश्न : ब्राझीलमध्ये वाळूमाशीला (सँड फ्लाय) नराच्या गंधाने ओढून मारतात, असे वाचले. गंध कशाला? खुराड्यात नुसते औषध फवारून भागत नाही का? आणि हा गंध आमच्या गोठ्यात चालेल का?
– एक वाचक, भंडारा

उत्तर : नुसत्या फवारणीचा तिथे उलटा परिणामही दिसला आहे. काळा आजार (लेशमॅनिया या परजीवीमुळे होणारा रोग) पसरवणारी तिथली माशी म्हणजे लुट्झोमिया लाँगिपाल्पिस. जेमतेम २-३ मिलिमीटर लांब, अंगभर केसाळ, बसली तरी पंख उभेच. संध्याकाळी तिचे नर कोंबड्यांवर आणि आसपास जमतात आणि पंख फडफडवत राहतात. पोटाच्या वरच्या बाजूला त्यांना फिकट ठिपके असतात, त्यांखालच्या ग्रंथींतून गंध सुटतो. त्या गंधावर माद्या येतात आणि आणखी नरही. रक्त पिते ती मादीच.

फवारलेल्या खुराड्यात हे नर मेले की बोलावणारेच उरत नाहीत. मग माश्या औषध न मारलेल्या जागी जमू लागतात. कृत्रिम गंध इथेच उपयोगी पडतो, नर मेले तरी बोलावणे चालू राहते.

साओ पाउलो राज्याच्या पश्चिम भागात हे मोठ्या प्रमाणावर करून पाहिले, निष्कर्ष २०१९ मध्ये आले. १० मिलिग्रॅम गंध भरलेली प्लास्टिकची पुडी कोंबड्या बसतात तिथे टांगायची आणि तिच्या आसपास लॅम्ब्डा-सायहॅलोथ्रिन हे कीटकनाशक फवारायचे. पुडी सुमारे १२ आठवडे टिकते. कुत्र्यांमधला संसर्ग निम्म्याच्या आसपास घटला. कुत्र्याचाच आकडा मोजला, कारण तिथे परजीवीचा साठा कुत्र्यात असतो. कोंबडी माशीला रक्त पुरवते, पण तिला हा रोग होत नाही.

फसते कुठे? औषधाचा जोर गेला आणि पुडी तशीच राहिली, तर माश्या नुसत्याच गोळा होतात आणि जगतात. म्हणून पुडी बदलताना फवारणीही पुन्हा करायची. शिवाय प्राण्याचा वास जोडीला असला की गंध जास्त खेचतो, त्यामुळे पुडी रिकाम्या खोलीत टांगून तेवढा उपयोग नाही.

तुमच्या गोठ्यासाठी मात्र हा गंध नको. ब्राझीलमध्येच या माशीच्या नरांचे गंध जागोजागी वेगळे आहेत. सोब्राल शहराकडच्या काही नरांच्या गंधाचा रेणूच निराळा. बिहारमधला काळा आजार फ्लेबोटोमस अर्जेंटिपेस ही वेगळीच माशी पसरवते. विदर्भात काळजी आहे ती वाळूमाशीमुळेच पसरणाऱ्या, मुलांना मेंदूज्वर करणाऱ्या चंडीपुरा विषाणूची. तेव्हा गोठ्याच्या भिंतींतल्या भेगा बुजवून लिंपून घ्या. शेणाचा ढीग घरापासून लांब हलवा. मुलांना कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाणीत झोपवा. साध्या जाळीच्या भोकांतून ही माशी सहज आत शिरते.

प्रश्न : डबकी बुजवली तर वाळूमाशी कमी होईल ना?
– एक वाचक, गडचिरोली

उत्तर : नाही. ती पाण्यात वाढत नाही. पालापाचोळा, शेण मिसळलेल्या ओलसर, सावलीच्या मातीत अंडी घालते. ब्राझीलच्या माशीच्या अंड्यांवर डोडेकॅनॉइक आम्ल नावाचे रसायन असते आणि त्याच्या वासाने दुसऱ्या माद्याही तिथेच अंडी घालायला येतात. डासांसाठी डबकी बुजवाच, पण या माशीसाठी गोठ्याचे कोपरे खरवडून कोरडे ठेवा.