माळवदाचं घर आणि लेकीचं आर्किटेक्चर

ताई,

औसा तालुक्यातून आलेलं तुमचं पत्र वाचलं. लेक बारावी सायन्सला आहे, आजोळच्या लाकडी घराच्या वेडापायी आर्किटेक्चरला जायचं म्हणते. तिचे बाबा म्हणतात, ‘सिव्हिल घे, लाकडात आता काय राहिलंय?’

तुमच्या तालुक्यानंच याचं उत्तर पाहिलंय. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंतींखाली माणसं गाडली गेली. पण कित्येक घरांत भिंती ढासळल्या तरी आतल्या खांब-तुळयांनी माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, पेलून धरलं. आपण घर खणांत, म्हणजे दोन खांबांमधल्या अंतरांत मोजतो, ते याच सांगाड्यामुळे. काश्मीरच्या धज्जी-देवारीत तर भिंतच लाकडी चौकटींची असते. चौकटींत तिरपे वासे आणि मधे मातीत बसवलेले दगड-विटा. हादरा बसला की ती शेकडो जागी जराजरा सरकते, घासते आणि त्यातच जोर जिरतो. २००५ च्या भूकंपानंतर पाकिस्ताननं पुनर्बांधणीसाठी या पद्धतीला अधिकृत मान्यता दिली.

बाबांची काळजी मात्र खरी आहे. सागवान परवडत नाही, वाळवी आणि आगीची भीती असतेच. लेकीला उद्या सगळी घरं लाकडाची बांधायची नाहीत. हलकं छप्पर, एकमेकांना धरून ठेवणारे सांधे, आणि वाडा उतरवल्यावर त्याच तुळया दुसऱ्या घरात बसवता येण्याची सोय, हे तिला स्टीलमध्ये, बांबूतही आणता आलं पाहिजे.

आता तिला एकच विचारा. ‘घर का टिकलं?’ हे आकड्यांत सोडवायला तिला आवडेल का? तसं असेल तर बाबांचं सिव्हिल योग्य. पुढे आयआयटी रुरकीत भूकंप अभियांत्रिकीत एम.टेक. करता येतं. पण माणसं त्या घरात कशी राहतील, कुटुंब वाढलं की खोली कुठे काढतील, हे तिच्या डोक्यात घोळत असेल तर पाच वर्षांचं बी.आर्क.च घ्या. त्यासाठी नाटा ही आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा किंवा जेईई मेनचा पेपर दोन द्यावा लागेल. तुमच्या पत्रावरून मला ती याच वाटेची वाटते. फक्त स्ट्रक्चर्सचा, म्हणजे इमारत भार कसा पेलते याचा विषय तिनं पास होण्यापुरता करू नये. अनेक मुलं तिथंच कच्ची राहतात.

परीक्षा संपल्या की तिला महिनाभर आजोळी पाठवा. गावातल्या जाणत्या सुताराला सोबत घेऊन तिनं ते घर टेपनं मोजावं, खांब-तुळईचा प्रत्येक सांधा कागदावर काढावा. ती चित्रं मला जरूर पाठवा, आणि पाठवण्याआधी तिच्या बाबांना दाखवा.