भुंगा आणि भुंगेरा एकच का?

प्रश्न असा आलाय की भुंगा आणि भुंगेरा एकाच किड्याची दोन नावं आहेत का, आणि दोघंही अंडी-अळी-कोष या वाटेनेच मोठे होतात म्हणजे जवळचे नातेवाईक असणार ना?

नाही हो. कवितेतला तो काळा गुंजारव करणारा, घराच्या वाशाला गोल भोक पाडणारा भुंगा हा मधमाशीच्या घरातला, त्याचे चारही पंख पातळ. भुंगेऱ्याचं तसं नाही, त्याचे पुढचे पंख कडक, नुसती झाकणं, उडायचं झालं की ती उघडतात आणि खाली घडी घालून ठेवलेले मागचे पंख बाहेर येतात. काजवा, शेणकिडा, तांदळातला सोंडकिडा हे सगळे याच गोतावळ्यातले. उसाच्या मुळ्या खाणारी हुमणी म्हणजे भुंगेऱ्याचीच अळी, पांढरी, इंग्रजी सी सारखी वळलेली, डोकं तपकिरी आणि पुढे पायांच्या तीन जोड्या. पहिला पाऊस पडला की संध्याकाळी कडुलिंबावर नि बाभळीवर जे जमतात ते हिचेच भुंगेरे.

आता नात्याचं. कोष करणं ही फार जुनी वडिलोपार्जित सवय आहे, फुलपाखरू, माशी, डास, मुंगी, पिसू सगळ्यांकडे ती आहे (झुरळ-ढेकणाकडे नाही, त्यांचं पिल्लू जन्मतःच आईबापासारखं दिसतं), त्यामुळे तेवढ्यावरून जवळीक ठरत नाही. 2014 साली जनुकांवरून जो कीटकांचा मोठा वंशवृक्ष मांडला त्यात मधमाशी-मुंगी-गांधीलमाशीची फांदी सगळ्यात आधी फुटलेली निघाली, बाकीचे सगळे दुसऱ्या बाजूला. म्हणजे भुंगेरा हा भुंग्यापेक्षा फुलपाखराला आणि घरातल्या माशीला जवळचा!! त्याहून जवळचा म्हणजे भुसभुशीत मातीत नरसाळ्यासारखा खड्डा करून तळाशी मुंगीची वाट बघत बसतो ना, तो किडा. आणि सख्खं भावंड म्हणावं तर स्ट्रेप्सिप्टेरा नावाचे बारके परजीवी, ते बऱ्याचदा मधमाश्या नि गांधीलमाश्यांच्याच अंगात राहतात, काय योगायोग बघा.

फक्त एक गोची आहे. नारळाचा कोवळा कोंब पोखरणाऱ्याला कोकणात गेंड्या भुंगा म्हणतात आणि तो पक्का भुंगेरा आहे, अळी शेणखताच्या खड्ड्यात वाढते त्याची. कृषी खात्याच्या पत्रकातही हेच नाव असतं, तेव्हा बागायतदाराला तिथे भुंगेरा म्हणा असं सांगायला जाऊ नका, बोलीत ते बरोबरच आहे. शाळेच्या प्रोजेक्टात लिहिणार असाल तर मात्र कडक पंखवाल्याला भुंगेराच लिहा.