किचनरमधले घर आम्ही पुढे का ढकलले

नमस्कार. नाशिकचा फ्लॅट विकून, पत्नी आणि सहा वर्षांच्या मुलीला घेऊन तुम्ही कायम वास्तव्यासाठी कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातील किचनरला येणार आहात, आणि पहिल्याच वर्षात घर घ्यावे का व गाडीसाठी किती पैसे बाजूला ठेवावेत, असे तुम्ही विचारले आहे. पहिल्या वर्षी घर घेऊच नका, असे मी म्हणणार नाही. मात्र घराच्या डाउन पेमेंटचे पैसे आणि अडीअडचणीचे पैसे एकच समजून चालू नका. आम्ही तसे समजलो होतो, म्हणून आमच्यावर आलेला प्रसंग आकड्यांसह सांगतो.

नोव्हेंबर २०२३ मधली ही गोष्ट आहे. आम्हाला येऊन तीन वर्षे झाली होती आणि ६,८०,००० डॉलरचे एक टाउनहाऊस आम्ही पसंत केले होते. इथल्या नियमाप्रमाणे पहिल्या पाच लाखांवर ५ टक्के आणि त्यापुढच्या रकमेवर १० टक्के, म्हणजे एकूण ४३,००० डॉलर किमान भरावे लागणार होते. तेवढे आमच्याजवळ होते, खरेदीच्या वेळच्या कर आणि वकिलाच्या खर्चापुरतेही होते, पण त्यापलीकडे फारसे काही नव्हते. सोमवारी ऑफर द्यायची ठरली. आदल्या शनिवारी माझी पत्नी गाडी चालवत होती, शेजारी साताऱ्याहून आलेल्या माझ्या सासूबाई होत्या आणि मागे सात वर्षांची मुलगी. लाल दिव्यापाशी गाडी उभी असताना मागून एक पिकअप ट्रक ओल्या रस्त्यावर घसरत आला आणि त्याने आमची गाडी पुढच्या गाडीवर ढकलली. पत्नीचे उजवे मनगट मोडले. सासूबाईंच्या छातीला सीटबेल्टचा जोरदार मार बसला. मुलगी बूस्टर सीटमध्ये (मुलांसाठीच्या उंच बैठकीत) असल्यामुळे तिला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. पण पुढचे कित्येक आठवडे गाडी सिग्नलला थांबली की ती मान वळवून मागच्या काचेतून पाहत राहायची. (तुमची मुलगी सहा वर्षांची आहे म्हणून सांगतो: आठ वर्षांच्या आतल्या, १४५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या आणि १८ ते ३६ किलो वजनाच्या मुलांना इथे बूस्टर सीट कायद्याने सक्तीची आहे. अपघातानंतर ती सीट पुन्हा वापरू नका, विमा कंपनीकडून नवी मागून घ्या.)

चूक पूर्णपणे मागच्या चालकाची ठरली. तरीही ओंटारिओमध्ये गाडीची भरपाई समोरच्याच्या नव्हे, आपल्याच विमा कंपनीकडून मिळते आणि जखमींचा खर्चही, चूक कोणाचीही असो, आपल्याच पॉलिसीतून सुरू होतो. हे ऐकायला दिलासा देणारे आहे आणि बहुतांशी खरेही आहे. अडचण येते ती रकमेच्या मर्यादेची आणि पैसे हातात येईपर्यंत लागणाऱ्या वेळेची.

आधी गाडीचे सांगतो. कंपनीने ती दुरुस्तीपलीकडची ठरवली आणि त्या दिवशीच्या बाजारभावाने १७,४०० डॉलर दिले. परंतु देशात नवीन असताना, इथला क्रेडिटचा इतिहास नसल्यामुळे, मी जास्त व्याजाचे सात वर्षांचे कर्ज काढून ती गाडी घेतली होती आणि त्यातले १९,८०० डॉलर फिटायचे होते. म्हणजे गाडीही गेली आणि वर २,४०० डॉलर आम्हालाच भरावे लागले. चूक आपली नसली की भाड्याच्या गाडीचा खर्चही आपली विमा कंपनी देते, पण गाडी मोडीत निघाल्याचा निर्णय होऊन रक्कम देऊ केली गेली की काही दिवसांतच ती सोय संपते. हिवाळ्याच्या तोंडावर, एक हात प्लास्टरमध्ये असलेल्या माणसाला दवाखान्यात न्यायचे असताना गाडीवाचून राहणे आम्हाला शक्य नव्हते. बचतीतून ६,००० डॉलर भरून आणि नवे कर्ज काढून आम्ही दुसरी गाडी घेतली.

आता पगाराचे. पत्नी बेकरीच्या कारखान्यात तासावर काम करत असे आणि आठवड्याला कपातीपूर्वी ९०० डॉलर मिळवत असे. अपघातविम्यातून बुडालेल्या उत्पन्नाच्या ७० टक्के रक्कम मिळते, असे आम्ही ऐकले होते आणि मनाशी ६३० डॉलर धरले होते. प्रत्यक्षात आठवड्याला ४०० डॉलर ही कमाल मर्यादा असते आणि पहिल्या आठवड्याचे काहीच मिळत नाही. जास्त मर्यादा जादा हप्ता भरून घेता येते, हे आम्हाला पॉलिसी घेताना कोणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. तुमच्यासाठी तर ही बाब अधिक महत्त्वाची आहे, कारण १ जुलै २०२६ पासून वैद्यकीय उपचार, पुनर्वसन आणि शुश्रूषा एवढेच लाभ सक्तीचे राहतात. उत्पन्नाची भरपाई ऐच्छिक होते. स्वस्त पॉलिसीच्या मोहाने ती काढून टाकू नका, विशेषतः घरातले एक जण तासावर काम करणार असेल तर.

उपचारांबाबत मात्र आम्हाला चांगला अनुभव आला. मुरगळणे, लचकणे अशा किरकोळ दुखापतींसाठी ३,५०० डॉलरची मर्यादा असते. हाड मोडले की दुखापत त्या वर्गात बसत नाही आणि मर्यादा ६५,००० पर्यंत जाते. त्यामुळे पत्नीची फिजिओथेरपी विनाअडथळा पूर्ण झाली. सासूबाईंचे वेगळे होते. त्या सुपर व्हिसावर, म्हणजे आईवडिलांना इथे दीर्घकाळ राहता यावे यासाठीच्या पाहुणा व्हिसावर, आल्या होत्या, ओंटारिओचे सरकारी आरोग्य कार्ड त्यांच्याकडे नव्हते. आम्हाला ४५ डॉलरला पडणारी रुग्णवाहिका त्यांना २४० डॉलरला पडली आणि एका रात्रीच्या देखरेखीचे बिल मला आधी माझ्या कार्डावरून भरावे लागले. सुपर व्हिसासाठी किमान १,००,००० डॉलरचा वैद्यकीय विमा लागतो, तो होता म्हणून पैसे परत आले, पण त्याला काही महिने लागले. तुमचे आईवडील पुढे येतील तेव्हा त्यांच्या विम्याचा दूरध्वनी क्रमांक गाडीतही ठेवा आणि रुग्णालयात पोहोचताच कंपनीला कळवा. त्यांना रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर जुन्या आजारांविषयीचे कलम पैसे भरण्यापूर्वी वाचा.

एवढे सगळे होऊनही बचतीतून फार तर दहा-बारा हजार डॉलर कमी झाले होते आणि काही महिन्यांत ते भरून निघाले असते. घर अडले ते गृहकर्जाच्या हिशेबामुळे. कमी डाउन पेमेंटमुळे विमा उतरवलेल्या गृहकर्जासाठी घराचा सर्व खर्च आणि इतर कर्जांचे हप्ते मिळून कुटुंबाच्या करपूर्व उत्पन्नाच्या ४४ टक्क्यांच्या आत असावे लागतात, आणि गृहकर्जाचा हप्ताही प्रत्यक्ष व्याजदरात २ टक्के वाढवून मोजतात. पत्नी कामावर परत येईपर्यंत बँकेने तिचा पगार हिशेबात धरला नाही. महिन्याच्या ३,९०० डॉलरच्या मिळकतीवर उभी राहणारी सुमारे सव्वादोन लाखांची कर्जक्षमता त्यामुळे नाहीशी झाली, आणि नव्या गाडीचा हप्ता जुन्यापेक्षा २३० डॉलरने जास्त असल्यामुळे आणखी तीसेक हजारांची घट झाली. १२० दिवसांसाठी मिळालेली कर्जाची पूर्वमंजुरी कागदावर शाबूत होती, पण तिला अर्थ उरला नव्हता.

हा हिशेब पुढे स्पष्ट झाला, पण अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी रात्री, आम्ही एजंटला ऑफर देणार नसल्याचे कळवले होते. पत्नीला फार वाईट वाटले. त्या घरामागच्या छोट्या अंगणात तुळस कुठे ठेवायची हे तिने ठरवले होते. मला मात्र आजही वाटते की अपघात त्या शनिवारऐवजी पुढच्या शनिवारी झाला असता तर आमचे काय झाले असते? इतर ग्राहकांशी स्पर्धा असल्यामुळे कर्ज मंजूर होण्याची अट ऑफरमधून काढून टाकायचा सल्ला आम्हाला मिळाला होता आणि आम्ही तो मानणार होतो. तसे झाले असते तर ठेव म्हणून दिलेली हजारो डॉलरची रक्कम गमावण्याची वेळ आली असती, शिवाय नुकसानभरपाईचा दावाही होऊ शकला असता. ती अट कोणत्याही कारणाने सोडू नका.

पैसे कुठे ठेवावेत, याविषयी एवढे सांगतो. पहिल्या घरासाठीच्या बचतीचे एफएचएसए खाते इथे आल्यावर लवकर उघडा. वर्षाला ८,००० आणि एकूण ४०,००० डॉलरपर्यंत भरता येतात, करात वजावट मिळते आणि खाते पंधरा वर्षे चालू राहू शकते, म्हणून घर लांबले तरी त्यातले काही वाया जात नाही. पण त्यातून घराव्यतिरिक्त दुसऱ्या कारणासाठी पैसे काढले तर त्यावर कर लागतो. अडचणीचे पैसे त्यामुळे टीएफएसए या करमुक्त बचत खात्यात ठेवावेत. तिथून केव्हाही करमुक्त काढता येतात आणि काढलेल्या रकमेइतकी जागा पुढच्या जानेवारीत पुन्हा मिळते. आम्ही आता सहा महिन्यांचा घरखर्च तिथे ठेवतो आणि घराचा हिशेब करताना तो मोजत नाही. गाडी शक्य असेल तर फ्लॅटच्या पैशांतून रोख घ्या, साधी आणि जुनी घ्या. हिवाळी टायर ओंटारिओत सक्तीचे नाहीत, तरी ते बसवा. त्यासाठी विमा कंपन्यांना हप्त्यात सवलत द्यावी लागते.

पत्नी मार्च २०२४ मध्ये कामावर परतली. आम्ही गाडीचे कर्ज मुदतीआधी फेडले आणि २०२५ च्या उन्हाळ्यात त्याच भागात, थोडे लहान, घर घेतले. त्याला अंगण नाही, बाल्कनी आहे. तुळस उन्हाळ्यात तिथे असते आणि ऑक्टोबरपासून स्वयंपाकघराच्या खिडकीत.

एक काम मात्र नाशिक सोडण्यापूर्वीच करा. भारतीय परवान्यावर इथे स्थायिक झाल्यापासून ६० दिवसच गाडी चालवता येते. वाहन चालवण्याचा अनुभव दोन वर्षांपेक्षा जास्त असल्याचे अधिकृत पत्र असेल, तर लेखी परीक्षेनंतर थेट पूर्ण परवान्याची चाचणी देता येते. हे पत्र आरटीओतून दोघांच्याही नावाने घ्या, आणि त्यावर परवाना पहिल्यांदा मिळाल्याची तारीख स्पष्ट लिहिलेली आहे ना, ते तिथेच तपासून पाहा.