मणक्याची गादी सरकलेली आहे. बर्फ काढायला ट्रॅक्टरला पुढचं ब्लेड घ्यावं का, आणि कोणतं?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं : लहान ट्रॅक्टर आहे, पुढे लोडर (बकेट उचलणारे हात) आहे, मागे थ्री-पॉइंटला, म्हणजे अवजारं जोडायच्या तीन दांड्यांना, पातं जोडून तुम्ही घरापासून रस्त्यापर्यंतची वाट मोकळी करता आणि दर वेळी नंतर दोन दिवस कंबर धरते. पुढचं ब्लेड घेतलं तर फरक पडेल का, आणि आधी ब्लेड घ्यावं की सीट बदलावी?

फरक पडतो, आणि चांगलाच पडतो. माझीही कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यातली गादी सरकलेली आहे. मागचं पातं सोडून पुढचं घेतल्यापासून काम संपल्यावर मी सरळ चालत घरात येतो. पण पुढे लावलं म्हणजे कुठलंही ब्लेड चालेल असं मात्र नाही. रुंदी, वजन, पोलादाची जाडी ही माहिती विक्रेता देईलच. तुम्ही प्रत्येक ब्लेडला तीनच प्रश्न विचारा : यामुळे मला किती वेळा मागे वळावं लागेल, किती वेळा खाली उतरावं लागेल, आणि किती धक्के बसतील?

आधी वळण्याचं बघू. मागच्या पात्याने काम करताना एक पाय क्लचवर, एक हात लिफ्टच्या दांडीवर आणि धड मागे पिळलेलं, असं तासभर बसावं लागतं. त्यात खालून हादरे चालूच असतात. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला साधारण ४ ते ६ हेलकावे असतील तेव्हा सगळ्यात जास्त हलतो, आणि गोठलेल्या खडबडीत जमिनीवर ट्रॅक्टरचे हादरे बरेचसे याच टप्प्यात येतात. ताठ बसून ते सोसणं वेगळं आणि कंबर पिळून सोसणं वेगळं. आधीच दुखावलेल्या गादीला ही पिळलेली बैठक फार महागात पडते.

पण पुढचं ब्लेड सरळ धरून बर्फ ढकलत नेला, तर प्रत्येक ढकलीनंतर रिव्हर्स घ्यावाच लागतो. म्हणजे निम्मा वेळ मान पुन्हा मागेच. खरा फायदा पातं तिरकं करण्यात आहे. साधारण ३० अंशांवर तिरकं केलं की बर्फ आपोआप एका बाजूला सांडत जातो. तुम्ही वाटेच्या लांबीने सरळ जायचं, टोकाला वळायचं आणि दुसऱ्या बाजूने परत यायचं. टोकाला वळायला जागा असेल तर रिव्हर्स अगदी मोजके वेळा लागतो. तेवढ्यापुरते रुंद आरसे लावा, जमलं तर मागे कॅमेरा बसवा.

आता खाली उतरण्याचं. मला यावर सगळ्यात जास्त सांगायचं आहे, कारण खरेदी करताना लोक इथेच पैसे वाचवतात. स्वस्त ब्लेडचा कोन हाताने बदलावा लागतो. खाली उतरायचं, पिन ओढायची, पातं ढकलून दुसऱ्या भोकाशी आणायचं, पिन परत घालायची, वर चढायचं. कोरड्या जमिनीवर हे मिनिटाचं काम. पण बर्फात ती पिन गोठून बसते, भोकात बर्फ भरतो, आणि जाड कपड्यांत घसरड्या जागी वाकून हिसका मारावा लागतो. नेमकी तिथेच उसण भरते. तासभर बसून जेवढं दुखत नाही तेवढं त्या एका हिसक्याने दुखतं. म्हणून कोन हायड्रोलिकनेच बदलता आला पाहिजे. तुमच्या परिस्थितीत मी याला पर्याय मानत नाही. बजेट कमी असेल तर रुंदी कमी करा, जुनं ब्लेड घ्या, पण हे सोडू नका.

त्यासाठी ट्रॅक्टरवर तशी सोय आहे का ते बघा. लोडरच्या दांडीला साधारणपणे दोनच कामं असतात : वर-खाली करणं आणि बकेट उलटणं. ब्लेड लोडरवर बसवलं की ती दोन्ही कामं वापरात राहतात आणि कोनासाठी तिसरी लाइन लागते. तिला थर्ड फंक्शन म्हणतात. नसेल तर वेगळा किट बसवून घेता येतो. लोडर काढून ब्लेड ट्रॅक्टरच्या चासीखालच्या लोखंडी चौकटीवर, म्हणजे सबफ्रेमवर बसवलं, तर लोडरच्याच दोन लाइन उचलायला आणि कोन बदलायला वापरता येतात.

मग लोडरवर घ्यावं की सबफ्रेमवर? मजबुतीच्या दृष्टीने सबफ्रेम उजवी, कारण सगळा जोर थेट चासीवर जातो. लोडरचे हात लांब असतात. तिरक्या पात्याचं एक टोक कशाला अडलं की ते पिळले जातात, वाकूही शकतात. तरीही तुम्हाला मी लोडरवरचंच सुचवेन. लोडर काढणं-बसवणं हे स्वतःच वाकून करायचं काम आहे, शिवाय कडेला साठलेले ढीग पुढे उचलून टाकायला बकेट लागतेच. फक्त क्विक अटॅच, म्हणजे बकेट आणि ब्लेड पटकन अदलाबदल करता येणारी जोडणी हवी, आणि वेग माणसाच्या चालण्याएवढाच ठेवायचा.

जोडताना एक त्रास हमखास होतो. हायड्रोलिकच्या पाइपात दाब अडकलेला असला की कपलर, म्हणजे पाइपाच्या टोकाची जोडणी, बसतच नाही. माणूस गुडघ्यावर बसून, श्वास रोखून सगळ्या ताकदीने तो दाबत राहतो. कंबरेसाठी याहून वाईट आसन नाही. पातं जमिनीवर टेकवायचं, इंजिन बंद करायचं आणि दांडी सगळ्या दिशांना दोन-तीनदा हलवायची. दाब उतरतो आणि कपलर हाताच्या जोराने बसतो. ब्लेड काढून ठेवताना लाकडी ठोकळ्यांवर, जोडणीच्या उंचीला समतल ठेवलं तर पुढच्या वेळी ते पहारीने सरकवत बसावं लागत नाही.

धक्क्यांसाठी ट्रिपची सोय बघा. पातं उंचवट्याला किंवा गोठलेल्या दगडाला अडलं की स्प्रिंगमुळे ते पुढे झुकतं आणि अडथळा गेला की परत उभं राहतं. काहींत पूर्ण पातं झुकतं, काहींत फक्त खालची धार. ट्रिप नसेल तर तो सगळा ठोका लोडरमधून ट्रॅक्टरला आणि सीटमधून तुमच्या कण्याला बसतो. फरसबंदीवर धार रबराची किंवा पॉलीची घ्या, आवाज आणि थरथर दोन्ही कमी होतात. दाबून घट्ट झालेल्या थरावर मात्र पोलादच चालतं. वाट खडीची असेल तर खालचे स्किड शू, म्हणजे पात्याला जमिनीपासून वर धरणारे टेकू, इंचभर उतरवून ठेवा, आणि काम करताना लोडरची दांडी फ्लोटमध्ये, म्हणजे पातं जमिनीच्या चढउताराप्रमाणे स्वतःच वरखाली होईल. सारखी दांडी हलवत बसायला नको.

रुंदी ठरवताना पातं तिरकं धरूनच हिशोब करा. ७२ इंची पातं ३० अंशांवर साधारण ६२ इंचच साफ करतं, ६० इंची ५२. ते मागच्या टायरांच्या बाहेरच्या कडांपेक्षा रुंद असलंच पाहिजे, नाहीतर एक चाक सतत बर्फावर चढतं आणि ट्रॅक्टर कलत राहतो. त्यापेक्षा फार मोठं घेऊ नका. ३ मीटर रुंद, ३० मीटर लांब वाटेवर २० सेंटिमीटर बर्फ म्हणजे १८ घनमीटर. ताजा हलका असला, घनमीटरला १०० किलो धरला, तरी जवळपास पावणेदोन टन. ओला झाला की तिप्पट. म्हणून बर्फ थांबायची वाट न बघता मध्ये एकदा फिरून या, आणि हंगामाच्या सुरुवातीचे ढीग वाटेपासून जितके लांब नेता येतील तितके न्या. ते गोठून बसले की वाट दर वेळी अरुंद होत जाते. दाराजवळचा बर्फ फावड्याने ओढू नका. पातं दाराशी टेकवून ट्रॅक्टर मागे घ्या, मग बाहेर ढकला.

पुढे वजन आलं की मागची चाकं हलकी होतात आणि घसरतात. मागे थ्री-पॉइंटला वजनाची पेटी लावा किंवा टायरांत न गोठणारं द्रव भरून घ्या. चाकांना लावायची लोखंडी वजनं स्वतः उचलू नका, ते काम दुसऱ्याला सांगा. उतरताना तोंड ट्रॅक्टरकडे, दोन्ही हातांनी धरून, उडी न मारता.

राहिली सीट. स्प्रिंगची किंवा हवेची सीट आणि तिच्यावर आपल्या वजनाप्रमाणे करायची सेटिंग, याने हादरे खरंच कमी होतात. पण चांगल्या सीटवर बसूनही मागे वळावं लागणार असेल तर दुखणं राहील. म्हणून आधी ब्लेड, मग सीट. तुमच्याकडे आत्ताच सस्पेंशन सीट असेल तर तिची वजनाची सेटिंग आजच बघा. ती अनेकदा आधीच्या मालकाच्या वजनावरच राहिलेली असते. आणि दुखणं पायात उतरत असेल किंवा पाय बधिर पडत असेल तर खरेदीआधी डॉक्टरांना दाखवा. दोन्ही मांड्यांच्या मध्ये, बसायच्या जागेत बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी, थेट हॉस्पिटलमध्ये.