जुनी पिकअप तापते तेव्हा

आधी एक सांग, गाडी उभी असताना तापते की वेगात पळताना? निम्मं निदान तिथेच होतं. उभ्या गाडीत काटा चढत असेल तर फॅन किंवा फॅनचा क्लच (फॅनला इंजिनशी जोडणारा भाग) बघ. पळताना चढत असेल तर रेडिएटर चोंदलाय, नाहीतर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप, पूर्ण उघडत नाही. थर्मोस्टॅट काढून गरम पाण्यात टाक आणि उघडतो का बघ. बहुतेक थर्मोस्टॅट 82 ते 90 अंशांच्या आसपास उघडायला लागतात. तो कायमचाच काढून टाक म्हणणारे भेटतील, त्यांचं ऐकू नकोस. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) घटतंय, गळती कुठेच नाही आणि सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतोय? मग हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांमधलं सील, गेलं असणार. आणि हो, इंजिन गार झाल्याशिवाय रेडिएटरच्या कॅपला हात लावायचा नाही.